कोरडे डोळे आणि अपांग मर्म

पावसाळ्यात मुंबईत पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं. त्याच मुंबईत बीकेसीच्या एसी ऑफिसात दिवसभर बसणाऱ्यांचे डोळे मात्र कण गेल्यासारखे खुपतात. एसी खोलीतला दमटपणा शोषून घेतो. त्यात एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणाऱ्या पापण्या स्क्रीनपुढे निम्म्यानेही लवत नाहीत.

याच्याशी बरंच जुळणारं दुखणं सुश्रुतसंहितेत ‘शुष्काक्षिपाक’ नावाने येतं: ताठ, रूक्ष पापण्या, गढूळ नजर, डोळा उघडताना त्रास. मर्मांचं वर्णनही याच ग्रंथात आहे. हल्ली मर्म म्हणजे दाबायचा बिंदू असं समजतात, पण सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली ती जपायच्या जागा म्हणून. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी अपांग, भुवईच्या वर आवर्त. इथे घाव बसला तर दृष्टी जाते, असं त्याने बजावलं आहे. म्हणून कोरड्या डोळ्यांसाठी मर्मचिकित्सेत, म्हणजे मर्मांना स्पर्श करून केलेल्या उपचारात, इथे बोट फुलासारखं टेकवायचं. त्यातली हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

अपांग दाबल्याने अश्रू वाढतात, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. डोळे मिटून दोन मिनिटं बसल्यावर जो आराम पडतो, त्यात त्या मिटण्याचाही वाटा असतोच. पापणीच्या कडेला मात्र खरोखर काही करता येतं. तिथे तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथींची रांग असते. १६६६ मध्ये हाइनरिश माइबोम यांनी त्यांचं वर्णन केलं. अश्रूंच्या पाण्यावर या तेलाचा पातळ थर पसरतो, म्हणून पाणी पटकन उडून जात नाही. तेल घट्ट होऊन अडलं की डोळा कोरडा पडतो, आणि मग चुरचुरून उलट घळघळा पाणीही येतं.

त्यावर उपाय शेकाचा. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवावा, गार झाला की पुन्हा भिजवावा. मग वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने अलगद चोळावी. भुवईवर, कानशिलावर बोटं फिरवायची तर हाडावरच. बुबुळावर दाब नको, त्याने नाडीही मंदावू शकते. काचबिंदू असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर हे करू नये. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं.