लघवीतली दोन प्रथिने आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

इंदूरच्या राजेंद्रनगरात कुणी 'फुल बॉडी चेकअप' करून आले की रिपोर्टात बहुधा 'कॅन्सर मार्कर'चे, म्हणजे कर्करोगाची खूण देऊ शकणाऱ्या द्रव्यांचे, एक पान असते. पीएसए (प्रोस्टेटसाठी), सीए-१२५ (अंडाशयासाठी), सीईए (मुख्यतः मोठ्या आतड्यासाठी). यातला एकही मूत्रपिंडासाठी नाही. मूत्रपिंडातली गाठ सापडते ती बहुतेकदा योगायोगाने: सोनोग्राफी पित्ताच्या खड्यांसाठी केलेली असते आणि गोळा दिसतो मूत्रपिंडावर.

लघवीतून ही गाठ ओळखता येईल का, या प्रश्नावर अॅक्वापोरिन-१ आणि पेरिलिपिन-२ या दोन प्रथिनांवर बरेच काम झाले आहे. या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार 'क्लिअर सेल'. त्यात तिसऱ्या गुणसूत्रावरचे व्हीएचएल हे जनुक निकामी होते. मग प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो नसल्यासारखी वागते आणि चरबी साठवत जाते. स्लाइड बनवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती चरबी विरघळून जाते, पेशी पोकळ दिसतात. 'क्लिअर' हे नाव त्यावरून पडले. पेरिलिपिन-२ हे चरबीच्या थेंबांवरचे आवरण. अॅक्वापोरिन-१ ही पेशीच्या आवरणातली पाण्याची वाट, आणि ही गाठ मूत्रपिंडातल्या ज्या नळीतून उगवते तिथे ती मुळातच भरपूर असते. गाठ काढली की लघवीतली दोन्ही प्रथिने उतरतात, हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात इतर कारणांसाठी पोटाचा सीटी स्कॅन केलेल्या ७२० जणांची लघवी तपासली. तिघांचे मार्कर वाढलेले निघाले, त्यातल्या दोघांना हा कर्करोग असल्याचे पक्के झाले.

घोळ होतो तो नमुन्यात. अॅक्वापोरिन-१ पहिल्यांदा सापडले तेच तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात. पीटर अॅग्रे यांना त्यासाठी २००३चे नोबेल मिळाले. म्हणजे लघवीत रक्त उतरले असेल तर आकडा फुगू शकतो, आणि मूत्रपिंडाच्या गाठीत रक्त उतरणे हे तर नेहमीचे लक्षण! म्हणून नमुना लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) घालून पेशी वेगळ्या करायच्या, प्रथिने कुजू नयेत म्हणून प्रोटिएज रोधक (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना थांबवणारे द्रव्य) घालायचा आणि उणे ८० अंशांवर ठेवायचा. दुसरी अडचण दाटपणाची. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात दुपारची लघवी आणि दोन तांबे पाणी प्यायल्यानंतरची लघवी यांची तुलना कशी करणार? त्यासाठी प्रथिनाचे प्रमाण दर मिलिग्रॅम क्रिएटिनिनमागे मोजतात; क्रिएटिनिन हे स्नायूंतून येणारे टाकाऊ द्रव्य लघवीतून रोज साधारण सारखेच बाहेर पडते.

मग सगळ्यांचीच तपासणी का नको? समजा, एक लाखात १०० रुग्ण आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे रुग्णाला रुग्ण आणि निरोग्याला निरोगी ठरवण्यात, ९५ टक्के अचूक आहे. ९५ रुग्ण सापडतील, पण ४,९९५ निरोगी माणसेही सीटीच्या रांगेत उभी राहतील. शिवाय क्रोमोफोब या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या एका प्रकारच्या गाठीत हे मार्कर भरवशाचे नाहीत.

तेव्हा लघवी एकदाच लाल झाली, दुखले नाही, दुसऱ्या दिवशी साफ झाली, तरी सोनोग्राफी करावी. भरीव गाठ दिसली तर कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेत औषध टोचून काढलेला सीटी), आणि त्याआधी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते पाहण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन.