बिजागरीच्या पोटातला गंज

पावसाळा ओसरला की कोल्हापुरातल्या जीपवाल्यांचं लक्ष दाराच्या बिजागऱ्यांकडं जातं. थारसारख्या गाड्यांच्या बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला असतात. दिसायला रांगड्या, पण पाऊस, चिखल, धूळ सगळं आधी त्यांच्याच वाट्याला. कडेनं तांबूस ओघळ आला की बहुतेक जण पॉलिश पेपर फिरवतात, वरून काळ्या स्प्रेचा एक हात मारतात आणि मोकळे होतात. पुढच्या आषाढात ओघळ परत हजर. कारण गंज दिसतो एकीकडं आणि लोखंड खाल्लं जातं दुसरीकडं.

केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात ही गोष्ट एका थेंबात दाखवून दिली. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मधोमध तो कमी पडतो. एवढ्याशा फरकावर एक इवलासा विद्युतघट तयार होतो. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागं सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडं जातात आणि तिथं ऑक्सिजन त्यांना उचलतो. दोन्हीकडून निघालेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाटेत भेटतात तिथं तांबूस वलय उमटतं. झीज मात्र मधोमध होते, जिथं गंज दिसतही नाही.

बिजागरीचं पान आणि दाराचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हेच घडतं. फटीत पाणी शिरतं, ऑक्सिजन संपतो, आणि पानाच्या आतल्या बाजूचं लोखंड गुपचूप विरघळत राहतं. गगनबावड्याचा लाल चिखल त्या फटीत बसला की ओल दिवसेंदिवस टिकते. करूळ घाट उतरून मालवणच्या पुळणीवर गाडी फिरवली असेल तर आणखी वाईट: मिठामुळं पाण्यातून वीज सहज वाहते, शिवाय मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. त्यात गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त. तो फुगतो, रंग उचलतो आणि पिनेभोवती चेपून बसला की दार करकरायला लागतं.

म्हणून बिजागरी खोलल्याशिवाय काम होत नाही. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सुटायचं तेल सोडायचं, पानाभोवती पेन्सिलीनं खूण करायची, दाराला खालून आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बिजागरी काढायची. दोन्ही एकदम काढल्या तर दार परत जागेवर बसवताना घाम फुटतो.

सफाईसाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. ओतकामावरची वाळू झाडायला इथल्या फौंड्रीत शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्यांचा जोरदार मारा, रोजचंच. नाहीतर ग्राइंडरला वायरब्रश लावूनही भागतं, पण बारीक खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज राहतोच. तिथं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला टिकाऊ थरात बदलणारं रसायन, कामाला येतो. त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोह फॉस्फेट करतं. टॅनिक आम्लाची गंमत वेगळी. कोल्हापुरी चपलेचं कातडं पिढ्यानपिढ्या हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलं जातं, आणि त्या दोन्हींतला कामाचा घटक म्हणजे टॅनिन. तेच टॅनिन गंजातल्या लोहाला धरून निळसर काळं, पाण्यात न विरघळणारं फेरिक टॅनेट बनवतं. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गंजलेल्या खिळ्यावर लावा आणि रात्रभर ठेवा, काळेपणा येतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) मिळून शाई व्हायची ती याच जोरावर. गाडीला मात्र विकतचा कन्व्हर्टर बरा. त्यातलं पॉलिमर वर पातळ पापुद्रा धरतं, ते हिरड्याच्या काढ्यात नाही.

ब्लास्टिंग करून आणलेला उघडा धातू पावसाळी हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होतो. हे काम उन्हाळ्यात काढावं आणि प्राइमर त्याच दिवशी मारावा. माझी पसंती भरपूर जस्त असलेल्या प्राइमरला. धातूचा मानक विभव जितका जास्त उणे, तितका तो इलेक्ट्रॉन सोडून झिजायला पुढं. जस्ताचा उणे 0.76 व्होल्ट, लोखंडाचा उणे 0.44, म्हणून रंगाला ओरखडा गेला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. दुकानात पहिल्यांदा पुढं येणारा रेड ऑक्साइड स्वतः लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचा भाऊबंद! तो ओल अडवतो, पण जस्तासारखा स्वतः झिजत नाही.

रंग ओला असताना पृष्ठताणामुळं धारदार कडांवरून मागं सरकतो, म्हणून गंजाची सुरुवात नेमकी कडेला होते. कानशीनं कडा किंचित गोल केल्या तर थर सारखा बसतो. पावडर कोटिंग करणार असाल तर पिनेचं भोक झाकायला सांगा आणि पिनेभोवतीचे प्लॅस्टिकचे बुश (नळीसारखे तुकडे) आधी काढून घ्या. भट्टीचं तापमान 180 ते 200 अंश सेल्सिअस असतं आणि थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा. तेवढ्यानंही पीन भोकात जात नाही.

बसवताना पानाच्या आतल्या अंगालाही रंग हवा, पिनेला ग्रीस हवं. बोल्ट आवळताना पान्यानं डोक्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग हमखास उडतो, तिथं ब्रशनं टिपका द्यायचा. शेवटी पानाच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना सीलंटची बारीक रेघ ओढायची, खालची कड मात्र उघडी ठेवायची, म्हणजे आत गेलेलं पाणी खालून निथळून जाईल.