अ‍ॅक्च्युअरींचं शिक्षण आणि पदवी : व्यावसायिक संस्थांचं धोरणात्मक नियोजन

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमा, पेन्शन, ग्रॅच्युइटी अशा लांब पल्ल्याच्या पैशाच्या वचनांचा हिशेब मांडणारा माणूस. मराठीत विमागणितज्ञ असा शब्द आहे, पण बोलताना सगळे अ‍ॅक्च्युअरीच म्हणतात. हा माणूस कसा घडवायचा, त्याला कोणते पेपर लावायचे, कुठल्या टप्प्यावर कुठली पदवी द्यायची आणि आज शिकवलेलं त्याला पंधरा-वीस वर्षांनीही पुरेल का, हे ठरवायचं काम त्या त्या देशातली व्यावसायिक संस्था करते, आणि त्या कामाचं जे काही वर्षांसाठीचं नियोजन असतं त्याबद्दल ही नोंद आहे.

डॉक्टर किंवा इंजिनिअरसारखं इथे नसतं. विद्यापीठाची अ‍ॅक्च्युअरियल सायन्सची डिग्री घेतली म्हणून कोणी अ‍ॅक्च्युअरी होत नाही. सिलॅबस संस्थेचा, परीक्षा संस्थेच्या, नावापुढची अक्षरं संस्थेची आणि उद्या चुकीचं वागलात तर शिस्तीची कारवाई पण तीच संस्था करते. म्हणून तिचं शैक्षणिक धोरण चुकलं तर ते सावरायला दुसरं कोणी नसतं. अठराव्या वर्षी आलेला विद्यार्थी फेलो, म्हणजे सगळ्या परीक्षा पार केलेला पूर्ण पात्र सभासद, होईपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीसचा होतो, पुढे तीसेक वर्षं तो कंपनीच्या राखीव निधीवर सह्या करतो, म्हणजे २०१९ साली ठरलेल्या सिलॅबसचा परिणाम २०६० पर्यंत कुठे ना कुठे दिसत राहणार. आयुर्विम्याच्या पॉलिसीसारखीच ही लांब मुदतीची जबाबदारी आहे असं मला वाटतं, आणि तिच्याकडे तशाच नजरेने बघायला हवं.

भारतातली गोष्ट

आपल्याकडे ही संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया, ऑफिस नवी मुंबईत सीवूड्सला. १९४४ साली ती अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी ऑफ इंडिया या नावाने सुरू झाली आणि बरीच वर्षं तिच्या स्वतःच्या परीक्षाच नव्हत्या. ज्याला अ‍ॅक्च्युअरी व्हायचं तो लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीजच्या परीक्षा द्यायचा. १९५६ ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी आली, मुख्य कचेरी मुंबईत, त्यानंतर कित्येक वर्षं या लोकांना नोकरी देणारं मोठं ठिकाण म्हणजे एलआयसीच. त्यामुळे किती माणसं लागतील, कशी लागतील हा प्रश्न फार कोणाला पडत नव्हता. १९८९ पासून सोसायटीने स्वतःच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली, आधी असोसिएट म्हणजे फेलोच्या आधीच्या पातळीपर्यंत आणि मग फेलोशिपपर्यंत. खरं धोरणात्मक पाऊल मी यालाच म्हणेन, कारण स्वतःची परीक्षा घ्यायची म्हणजे आपल्या देशातला मृत्युदर, आपले कायदे, आपला पेन्शनचा प्रकार हे सगळं पेपरात आणायची जबाबदारी आपल्यावर आली.

मग १९९९ चा विमा नियामकाचा कायदा आला, २००० पासून खासगी कंपन्या आल्या, आणि प्रत्येक विमा कंपनीला तिच्या हिशेबाची जबाबदारी घेणारा अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरी ठेवणं बंधनकारक झालं. एकदम मागणी वाढली पण माणसं होती मोजकी. फेलो व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, तेव्हा मागणी आल्यावर तयारीला लागलात तर तुम्ही दहा वर्षं मागेच असता. २००६ चा अ‍ॅक्च्युअरीज अ‍ॅक्ट १० नोव्हेंबर २००६ पासून लागू झाला, सोसायटीची जागा आजच्या इन्स्टिट्यूटने घेतली, आणि व्यावसायिक शिक्षण, प्रशिक्षण आणि आचरणाचा दर्जा वाढवणं हे तिचं काम म्हणून कायद्यातच लिहिलं गेलं. तिच्या कौन्सिलवर फेलोंनी निवडून दिलेली माणसं असतात आणि वित्त मंत्रालय व विमा नियामक यांचे प्रतिनिधी पण असतात, म्हणजे शिक्षणाचं धोरण फक्त सभासदांच्या मर्जीवर राहत नाही.

२०१२ पासून एसेट ही प्रवेश परीक्षा सुरू झाली. गणित, स्टॅटिस्टिक्स, डेटा इंटरप्रिटेशन, इंग्रजी आणि लॉजिकल रीझनिंग असे तिचे विषय, आणि पास झालं की ठरावीक मुदतीत विद्यार्थी सभासद व्हायचं. दाराशी चाळणी लावायचा हेतू मला पटतो. नाहीतर हजारो मुलं फी भरून आत येतात, दोन पेपर देतात, अडकतात आणि निघून जातात, आणि आईवडिलांना पत्ताच नसतो की झालं काय.

आजही फेलोंची संख्या काही शेकड्यांतच आहे. चार्टर्ड अकाउंटंट लाखांनी आहेत, हे शेजारी ठेवून बघितलं की अंदाज येतो. आणि कामं तर वाढलीच आहेत. चाकणच्या एखाद्या मध्यम कारखान्याला सुद्धा मार्चअखेर ग्रॅच्युइटीचं व्हॅल्युएशन, म्हणजे पुढे द्यायच्या रकमेचा आजचा हिशेब, करून घ्यावं लागतं. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकरी खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व बागायती पिकांना ५ टक्के भरतो, त्यावरचा हप्ता सरकारं भरतात, पण मुळात तो हप्ता किती असावा हे जिल्हा आणि पिकानुसार कोणीतरी मोजून सांगावं लागतं. बीड किंवा लातूरच्या सोयाबीनचा धोका मोजायला आयुर्विम्याचं शिक्षण पुरत नाही. म्हणून जनरल इन्शुरन्सवाले, म्हणजे आयुर्विमा सोडून बाकी विम्याचे, किती तयार करायचे हा पण नियोजनातलाच प्रश्न, आणि माझ्या मते त्याकडे बरीच वर्षं हवं तेवढं लक्ष गेलं नाही.

२०१९ चा सिलॅबस आणि मधली मुलं

२०१९ मध्ये ब्रिटनच्या संस्थेने, म्हणजे इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजने, सगळा सिलॅबस नव्याने मांडला आणि भारतीय इन्स्टिट्यूटने पण तोच साचा घेतला. आधीचे सीटी१ ते सीटी९ हे नऊ पेपर जाऊन सात मूळ विषय आले, सीएस म्हणजे स्टॅटिस्टिक्सचे दोन, सीएम म्हणजे गणिताचे दोन, आणि सीबी म्हणजे अर्थशास्त्र, फायनान्स आणि बिझनेसचे तीन. त्याच्यावर सीपी म्हणजे प्रत्यक्ष कामाचे तीन, मग एसपी म्हणजे आपल्या आवडीच्या खास शाखेचे दोन आणि शेवटी एसए म्हणजे शाखेचाच वरच्या पातळीचा एक, असे एकूण तेरा. मोठा बदल असा की सीएस आणि सीएमच्या प्रत्येक विषयाला दुसरा पेपर लागला जो कॉम्प्युटरवर द्यायचा, सीएसला आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि सीएमला एक्सेल. ऑफिसात पहिल्या दिवशी जे करावं लागतं ते परीक्षेत आलं, आणि हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता अशा बदलात सगळ्यात नाजूक भाग असतो तो अर्ध्या वाटेवर असलेल्यांचा. सीटी१ (व्याजाचं गणित) आणि सीटी५ (आयुर्विम्याचं गणित) दोन्ही पास असलेल्याला सीएम१ मिळून गेला. पण ज्याचा सीटी१ झाला होता आणि सीटी५ राहिला होता त्याचं काय? सीटी१ चा अभ्यास डोक्यात आहे पण निकालपत्रावर सूट नाही, म्हणजे तेच व्याजाचं गणित पुन्हा, आणि सोबत एक्सेलचा पेपर नवा. नोकरी करून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी अभ्यास करणाऱ्याला एक सिटिंग जाणं म्हणजे सहा महिने जाणं, कारण परीक्षा वर्षातून दोनदाच असते. म्हणून चांगल्या नियोजनात नवीन सिलॅबस किती सुंदर आहे यापेक्षा कुणाला काय सूट मिळणार आणि जुना पेपर शेवटचा कधी होणार हे किती आधी आणि किती स्पष्ट सांगितलं ते मी आधी बघतो.

अमेरिकेत दोन संस्था

अमेरिकेत हे काम दोन मोठ्या संस्थांत वाटलेलं आहे. सोसायटी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज १९४९ ला दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली आणि ती मुख्यतः आयुर्विमा, आरोग्य, पेन्शनची. कॅज्युअल्टी अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी १९१४ ची, कामगारांच्या नुकसानभरपाईचे कायदे नवीन आले तेव्हा त्याचे दर ठरवायला माणसं लागली त्यातून ती जन्मली, आणि आजही मालमत्ता, वाहन, अपघात हे तिचं क्षेत्र. सुरुवातीचे काही पेपर सोडले तर दोघींच्या परीक्षा वेगळ्या, पदव्या वेगळ्या. २०१८ मध्ये दोन्ही एकत्र कराव्यात का अशी बोलणी झाली पण ती पुढे गेली नाहीत, आणि आपली खासियत जपायची की मोठं व्हायचं हा वाद कुठल्याही छोट्या व्यवसायाला ओळखीचा वाटेल.

सोसायटी ऑफ अ‍ॅक्च्युअरीजने २०१८ च्या डिसेंबरमध्ये जुन्या डेटावरून पुढचा अंदाज बांधायची, म्हणजे प्रेडिक्टिव्ह अ‍ॅनालिटिक्सची परीक्षा आणली. डेटा सायंटिस्ट लोक विमा कंपन्यांत शिरत होते, तेव्हा आपल्या मुलांनाही मॉडेल बांधता यायला हवं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते साहेबाला समजेल असं लिहिता यायला हवं, असा त्यामागचा विचार. सुरुवातीला आर वापरून लांबलचक रिपोर्ट लिहायचा होता, पुढे तिचं स्वरूप आणि वेळ दोन्ही बदललं. बदलावं लागलं याला काही लोक अपयश म्हणतात, मला तसं वाटत नाही, अनुभव बघून दुरुस्ती केली नाही तर ते नियोजन कसलं. २०२२ पासून त्यांनी मायक्रो-क्रेडेन्शियल्स पण सुरू केली, म्हणजे मधल्या टप्प्यावर पण हातात दाखवण्यासारखं काहीतरी मिळतं. ब्रिटनमध्ये सर्टिफाइड अ‍ॅक्च्युअरियल अ‍ॅनालिस्ट ही पदवी अशाच विचारातून आली, पूर्ण फेलो व्हायचं नाही पण तांत्रिक काम नीट येतं अशा लोकांसाठी.

ऑस्ट्रेलियात वेगळाच मार्ग आहे, तिथे सुरुवातीचे भाग मान्यताप्राप्त विद्यापीठांतून होतात आणि संस्था वरच्या भागावर जोर देते. आपल्याकडे हे झालं तर पुणे-मुंबईच्या स्टॅटिस्टिक्स विभागांना खूप काही करता येईल असं मला मनापासून वाटतं, अट एवढीच की कॉलेजचे मार्क आणि संस्थेचा दर्जा एका पट्टीवर मोजता आले पाहिजेत.

दर्जा ठरतो कसा

पासिंगची रेघ कुठे मारायची हा यातला सगळ्यात भांडणाचा विषय. यासाठी अँगॉफ नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. परीक्षकांना विचारायचं की जेमतेम पात्र असलेला विद्यार्थी डोळ्यासमोर आणा, हा प्रश्न अशा शंभरातल्या किती जणांना जमेल, आणि सगळ्या प्रश्नांच्या त्या अंदाजांवरून रेघ ठरते. त्यामुळे पेपर अवघड आला तर रेघ खाली येते आणि सोपा आला तर वर जाते, अमुक टक्के लोकच पास करायचे असं काही त्यात नसतं. हे मुलांना नीट समजावून सांगितलं जात नाही आणि मग कोटा असतो अशा अफवा पसरतात.

दुसरी अडचण माणसांची. पेपर काढणारे, तपासणारे, सिलॅबस कमिटीवाले हे बहुतेक फेलोच असतात आणि आपापली नोकरी सांभाळून हे करतात. फेलो मोजके, त्यातले वेळ देणारे अजून मोजके. म्हणून तेरा विषय आणि वर्षातून दोन सिटिंग हे कागदावर लिहायला सोपं असलं तरी वेळेत, चांगले आणि नवे प्रश्न आणणं हे संस्थेच्या ताकदीचं खरं माप आहे. २०२० च्या कोविडनंतर घरून ऑनलाइन परीक्षा आल्या तेव्हा तर नजर कशी ठेवायची, कॉपी कशी पकडायची हे नवीन खर्च आणि नवीन डोकेदुखी, आणि आता एआय उत्तरं लिहून देतं म्हटल्यावर अख्ख्या परीक्षेचा साचाच पुन्हा बघावा लागतोय.

देशाबाहेर पदवी चालावी म्हणून इंटरनॅशनल अ‍ॅक्च्युअरियल असोसिएशनचा किमान सिलॅबस असतो, पूर्ण सभासद संस्थेला तो पाळावा लागतो. एंटरप्राइझ रिस्क म्हणजे अख्ख्या कंपनीच्या धोक्यांसाठीच्या सेरा या पदवीचा जागतिक करार तर नोव्हेंबर २००९ मध्ये हैदराबादला झाला होता, चौदा संस्थांनी सह्या केल्या. एकाच पदवीसाठी इतक्या देशांनी एकत्र दर्जा ठरवला ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती आपल्या देशात घडली हे आपल्याकडेच फार कमी लोकांना माहीत असतं.

कंट्रोल सायकल

१९८५ मध्ये जेरेमी गोफर्ड यांनी आयुर्विमा कंपनीसाठी कंट्रोल सायकलची कल्पना मांडली, पुढे ती अ‍ॅक्च्युअरींच्या शिक्षणाचाच कणा झाली. गृहीतकं धरा, किंमत ठरवा, प्रत्यक्ष अनुभव मोजा, फरक कुठे पडला ते शोधा आणि गृहीतकं पुन्हा तपासा. हीच पद्धत संस्थेने स्वतःच्या शिक्षणाला लावली तर काय दिसेल? विद्यार्थी आत येतो तेव्हा तो एका तक्त्यात येतो, जसा पॉलिसीधारक येतो. त्यातून बाहेर पडायचे रस्ते अनेक, फेलो होऊन, असोसिएट होऊन थांबून, किंवा कंटाळून सोडून. पॉलिसी किती लोकांनी मध्येच सोडल्या याचा अभ्यास प्रत्येक कंपनी दरवर्षी करते. तसाच तक्ता विद्यार्थ्यांचा काढायचा, कितव्या पेपरला किती गळाले, दोन पेपरांमध्ये सरासरी किती महिने गेले, नोकरी असलेले आणि नसलेले यांच्यात किती फरक, मोठ्या शहरातले आणि नांदेड-सांगलीकडून आलेले यांच्यात किती. अमेरिकेत नावनोंदणीपासून पदवीपर्यंतच्या या काळाला ट्रॅव्हल टाइम म्हणतात आणि तो कमी करणं हे उद्दिष्ट म्हणून उघडपणे लिहितात. तो कमी करायला विषय गाळावे लागतात, आणि प्रत्येक विषयाच्या पाठीशी तो आयुष्यभर शिकवलेला कोणीतरी उभा असतो, त्यामुळे नवीन विषय घालण्यापेक्षा जुना काढण्यावरच कमिट्यांच्या बैठका जास्त लांबतात.