जुवारी नदी आणि सर्वांत जवळची वाट

गोव्यात दोना पावलाच्या जेटीवरून जुवारीच्या मुखापलीकडे मुरगाव बंदर समोरच दिसते. गाडीने जायचे तर मात्र आगशीपर्यंत जाऊन पूल ओलांडावा लागतो आणि कुठ्ठाळीवरून पुन्हा पश्चिमेला यावे लागते. मोबाइलवरील नकाशा हा वळसा क्षणार्धात सांगतो. हा वेग केवळ शक्तिशाली संगणकांमुळे आला, असे मानणे योग्य होणार नाही.

संगणकाच्या लेखी तिठे आणि चौक हे बिंदू असतात, तर त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर प्रवासाचा वेळ नोंदवलेला असतो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत जवळचे बिंदू आधी व दूरचे नंतर, अशी चहूबाजूंनी पसरत जाते. तिचे उत्तर बिनचूक असते. पण मुरगावची वाट शोधताना ती विरुद्ध दिशेच्या म्हापशाच्या गल्ल्याही धुंडाळते. पश्चिम युरोपच्या सुमारे १.८ कोटी बिंदूंच्या नकाशावर लांबच्या एका प्रवासासाठी तिला काही सेकंद लागतात, आणि एकाच वेळी असंख्य लोक वाट विचारत असताना एवढा वेळ परवडत नाही.

१९६८ मधील 'ए-स्टार' पद्धतीने मुक्कामापर्यंतच्या सरळ अंतराचा अंदाज जोडून शोधाला दिशा दिली. इथे मात्र नदी आडवी येते. सरळ रेषेत मुरगाव अगदी जवळ असल्याने शोध आधी दोना पावला आणि ताळगावच्या परिसरातच घुटमळतो. उत्तर बरोबरच येते, श्रम मात्र फारसे वाचत नाहीत.

खरी झेप पूर्वतयारीमुळे शक्य झाली. २००८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत कमी महत्त्वाचे बिंदू एकेक करून बाजूला काढतात आणि त्यांच्यावरून जाणारी सर्वांत जवळची वाट मोडणार असेल, तिथे शेजारच्या बिंदूंना थेट जोडणारा आडमार्ग नोंदवून ठेवतात. प्रत्यक्ष शोध दोन्ही टोकांकडून सुरू होतो आणि केवळ अधिक महत्त्वाच्या बिंदूंकडेच चढत जातो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी काहीशे बिंदू तपासून भागते.

रस्त्यांवरील वेळ मात्र सतत बदलत असतो आणि तेवढ्यासाठी सारी तयारी पुन्हा करणे महागात पडते. म्हणून २०११ च्या सुमारास पुढे आलेल्या पद्धतींत नकाशाचे एकात एक सामावलेले लहानमोठे भाग असे पाडतात की त्यांच्या सीमा कमीत कमी रस्ते ओलांडतील. मोठ्या नद्या या कामी नैसर्गिक सीमाच ठरतात. जुवारीवरचे पूल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने, 'ए-स्टार'ला चकवणारी हीच नदी इथे गणित सोपे करते: प्रत्येक भागाच्या सीमेवरील मोजक्या बिंदूंमधला प्रवासवेळ काढून ठेवला की पुरते. मडगावात वाहने तुंबली, तर त्या भागाची आणि तो ज्यांत सामावलेला आहे त्या मोठ्या भागांची तेवढी आकडेमोड नव्याने होते. पणजी-म्हापशाकडचे छोटे भाग जसेच्या तसे राहतात.