महामार्गावरील मोटार अपघात (कोल्हापूर परिसर)

महामार्गावरील मोटार अपघात : वेगवान वाहतुकीसाठी बांधलेल्या रस्त्यावर मोटारीची दुसऱ्या वाहनाशी, पादचाऱ्याशी, जनावराशी किंवा रस्त्याकडेच्या स्थिर वस्तूशी होणारी टक्कर, तसेच मोटार उलटणे किंवा रस्ता सोडून खाली जाणे. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये झालेल्या १,६८,४९१ रस्ते अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मात्र याच रस्त्यांवर झाले. प्रस्तुत नोंदीत कारणांचा विचार मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्यातील दोन रस्त्यांच्या अनुषंगाने केला आहे. पहिला पुणे–बंगळूर महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आता ४८) : वारणा ओलांडल्यावर किणी, वाठार, टोप, शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल असा तो जिल्ह्याबाहेर पडतो. दुसरा रत्नागिरी–कोल्हापूर–सांगली–सोलापूर रस्ता (क्रमांक १६६). पहिला सुवर्ण चतुष्कोन योजनेत, साधारणपणे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, चौपदरी झाला. अलीकडे त्याच्या सहापदरीकरणाचे काम सुरू आहे.

चालकाची चूक की व्यवस्थेचा दोष : अपघाताचे कारण कोठे शोधावे याविषयी दोन मते आहेत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या १९७० च्या दशकातील अभ्यासात दहापैकी नऊहून अधिक अपघातांत मानवी घटक आढळला. ‘नव्वद टक्के अपघात चालकाच्या चुकीने’ हे आपल्याकडे भाषणांत व फलकांवर सर्रास आढळणारे वाक्य बहुधा तेथूनच आले असावे. त्या अभ्यासात एकाच अपघाताला अनेक कारणे लावलेली होती आणि रस्त्याचा व वाहनाचा वाटाही स्वतंत्रपणे मोजला होता, हा भाग मात्र वाटेत गळून पडला. दुसरे मत अमेरिकी वैद्यक विल्यम हॅडन यांच्या १९७० च्या सुमाराच्या मांडणीवर उभे आहे. त्यांनी अपघाताचे टकरीपूर्वी, टकरीच्या क्षणी आणि टकरीनंतर असे तीन टप्पे पाडले व प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन व परिसर यांचा वेगळा विचार केला. स्वीडनने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या ‘शून्य मृत्यू’ धोरणाचा पाया हाच : माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन व गीतम तिवारी यांनी भारतीय रस्त्यांच्या संदर्भात हीच बाजू दीर्घकाळ मांडली. कोल्हापूर परिसरातील परिस्थिती पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात सुमारे ७२ टक्के अपघातांसमोर ‘अतिवेग’ असे कारण नोंदले आहे. हा आकडा प्रामुख्याने पोलिसांच्या नोंदींवरून येतो. फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ ही शब्दावली ठरून गेलेली असते. वाहनाचा टकरीपूर्वीचा वेग प्रत्यक्ष मोजलेला क्वचितच असतो. एवढ्यावरून वेग निर्दोष ठरत नाही. मात्र ७२ हा आकडा मोजमाप म्हणून न घेता वर्गीकरण म्हणून घ्यावा.

वेगाची तफावत : या प्रश्नावरचा अभ्यासकांचा वाद जुना असून तो कोल्हापूरला थेट लागू पडतो. डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील ग्रामीण महामार्गांची आकडेवारी मांडून दाखवले की, सरासरी वेगाच्या आसपास चालणाऱ्या वाहनाला अपघाताचा धोका सर्वांत कमी असतो आणि त्याहून फार वेगाने किंवा फार हळू जाणाऱ्या वाहनांना तो वाढत जातो. आलेखावर ही रेषा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी दिसते. यावरून ‘वेग मारत नाही, वेगातला फरक मारतो’ असे प्रतिपादन पुढे आले. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स लेव्ह यांनी १९८५ मध्ये ते जोरकसपणे मांडले. आक्षेपही लवकरच आले. सॉलोमन यांनी वापरलेले अपघातापूर्वीचे वेग हे बव्हंशी अंदाज होते आणि वळण्यासाठी वेग कमी केलेली वाहनेही ‘हळू’ गटात धरली गेली होती. अशी वाहने वगळली की डाव्या बाजूचा चढ बराच सपाट होतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठातील क्लोडेन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ग्रामीण रस्त्यांवर असे दाखवले की, सरासरीहून ताशी १० किमी. अधिक वेगाने जाणाऱ्या मोटारीचा धोका सुमारे दुप्पट आणि २० किमी. अधिक असल्यास जवळजवळ सहापट होतो. हळू जाणाऱ्यांना वाढीव धोका त्यांना आढळला नाही. स्वीडनचे गोरान निल्सन यांचे घातांक-सूत्रही याच दिशेचे आहे : सरासरी वेग ५ टक्क्यांनी वाढला, तर प्राणघातक अपघात सुमारे २० टक्क्यांनी वाढतात.

ऑस्ट्रेलियन अभ्यास पद्धतीच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहेत, हे मान्य करावे लागते. परंतु त्यांतील ‘हळू’ वाहन म्हणजे सरासरीपेक्षा थोडे कमी वेगाने जाणारी, दिवे लावलेली मोटार. आपल्याकडील ‘हळू’ वाहन म्हणजे रात्री नऊ वाजता दोन ट्रॉल्या ओढत ताशी १५–२० किमी.ने कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर. त्यामुळे या रस्त्यांपुरते सॉलोमन यांचे निरीक्षण पुरते बाद करता येत नाही. अपघाताचा दोष संथ वाहनावर टाकणे मात्र चूक ठरेल, हे पुढील हिशेबावरून दिसेल.

ऊस वाहतूक : गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर–नोव्हेंबर ते मार्च चालतो. कागल, कसबा बावडा, कुडित्रे, परिते, वारणानगर, शिरोळ अशा कारखान्यांकडे जाणारी उसाची वाहने याच काळात महामार्गावर येतात, ओलांडतात किंवा काही अंतर त्यावरून जातात. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायर तुटलेली असते किंवा दिवाच नसतो. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर व लाल पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात. पण मोळ्यांची टोके फाळक्याबाहेर लोंबू लागली की ती पट्टी झाकली जाते आणि मागून येणाऱ्याला दिसतो तो काळपट ढीग. पंक्चर झालेली ट्रॉली पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावून रस्त्यातच उभी केली जाते. टायर बदलून निघताना दगड तिथेच राहतात. पंचगंगा व वारणा काठचे पहाटेचे धुके आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर यांची भर याच महिन्यांत पडते.

समजा, पुढे ट्रॅक्टर ताशी २० किमी. वेगाने जात आहे, त्याला मागचा दिवा नाही आणि मोटारीचे दिवे डिपरवर (खाली झुकवलेल्या झोतावर) आहेत. डिपरच्या उजेडात अशी वस्तू ५० मी. अंतरावर दिसली असे धरू. रस्ते बांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकात चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत २.५ सेकंद दिले जातात. मोटार ताशी १०० किमी.ने येत असेल, तर दोन वाहनांमधील अंतर सेकंदाला सुमारे २२ मी. या गतीने घटते. अडीच सेकंदांत ५५ मी. म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचण्याआधीच मोटार ट्रॉलीखाली गेलेली असते. घटनास्थळी घासल्याच्या खुणा न दिसण्याचे एक कारण हेच. त्यावरून चालक झोपला होता असा निष्कर्ष काढण्याची घाई होते, ती योग्य नाही. तीच मोटार ताशी ६० किमी.ने आली, तर अडीच सेकंदांत अंतर २८ मी.ने घटते, २२ मी. शिल्लक राहतात आणि ओल्या रस्त्यावरही तेवढ्यात ट्रॅक्टरच्या वेगाशी जुळवून घेणे शक्य होते. डिपरवर, अनोळखी अंधारात, ताशी १०० किमी. हा वेग दिसणाऱ्या अंतराच्या पलीकडचा आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला दिलेली कमाल मर्यादा १०० असली, तरी याच वेगासाठी अभियंते थांबण्याचे दृश्य अंतर (अडथळा दिसल्यापासून वाहन थांबेपर्यंत लागणारे अंतर) १८० मी. धरतात, हे येथे लक्षात घ्यावे.

मागून बसलेली अशी धडक विशेष प्राणघातक असते. ट्रकचा किंवा ट्रॉलीचा सांगाडा मोटारीच्या बॉनेटपेक्षा उंच असल्याने दबण्यासाठी बनवलेला पुढचा भाग खालून निसटतो आणि धक्का थेट काचेवर व छतावर येतो. एअरबॅगचा तेथे फारसा उपयोग होत नाही. ट्रकना मागील बाजूस संरक्षक आडवी पट्टी सक्तीची आहे. पण वाकलेल्या, गंजलेल्या पट्ट्या रस्त्यावर पाहायला मिळतात.

रस्त्याची रचना : महामार्ग गावांमधून गेला, पण गावाचे व्यवहार दोन्ही बाजूंना राहिले. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींत पाळी सुटण्याच्या वेळी दुचाकींचा लोंढा रस्त्यावर येतो. उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग एक-दोन किलोमीटर लांब असला, की सेवा रस्त्यावरून आणि कधी थेट मुख्य पदरावरून उलट दिशेने येण्याची सवय पडते. ढाब्यासमोर, पेट्रोल पंपासमोर दुभाजक फोडून केलेल्या वाटा हा याच गरजेचा दुसरा आविष्कार होय. बांधकामाच्या काळात वळवलेली वाहतूक, पुसलेले पट्टे व अचानक अरुंद होणारे पदर यांमुळे नेहमीच्या चालकाचीही फसगत होते. जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र आणि आदमापूरच्या बाळूमामा मंदिराची अमावास्या या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीतून व पायी जाणारे भाविक याच रस्त्यांवर असतात. मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मी. लांबीच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा झालेले ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले, की ते ठिकाण अपघातप्रवण (ब्लॅक स्पॉट) ठरते. म्हणजे माणसे दगावल्यानंतर वा गंभीर जखमी झाल्यानंतरच ठिकाण यादीत येते. थोडक्यात टळलेले अपघात मोजले जात नाहीत.

टायर व पाणी : उन्हाळ्यात ‘हवा जास्त झाली म्हणून टायर फुटला’ अशी समजूत रूढ आहे. हवा २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर ३२ पौंडांचा दाब ३७–३८ पर्यंत जातो. धडधाकट टायर याहून कितीतरी अधिक दाब सोसतो. अधिक संभाव्य कारण उलटे आहे. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकतात, सतत वाकण्याने तापतात आणि आतील थर सुटतात. खड्ड्यात आपटून आधीच इजा झालेला टायर असेल, तर हे लवकर घडते. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो. नासातील वॉल्टर हॉर्न यांच्या १९६० च्या दशकातील सूत्राने ३२ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किमी. येतो, सूत्र विमानाच्या टायरांसाठीचे असल्याने मोटारीच्या झिजलेल्या टायरला तो याहून बराच कमी धरावा. नक्षीची खोली १.६ मिमी. उरली की टायर बदलणे कायद्याने आवश्यक आहे.

चालक : झोपेची डुलकी प्रामुख्याने पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतर येते. मुंबईहून रात्री जेवून निघालेली मोटार नेमकी पहाटेच कराड–कोल्हापूर टप्प्यात असते. ताशी १०० किमी. वेगात तीन सेकंदांच्या डुलकीत ८३ मी. अंतर कोणी न पाहता कापले जाते. व्यावसायिक चालकांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाचे तास ठरवले आहेत. स्वतःची मोटार चालवणाऱ्याला असे बंधन नाही. मद्यासाठी रक्तातील मर्यादा १०० मिलि.मागे ३० मिग्रॅ. आहे. मोबाइलचा वापर सर्वज्ञात आहे.

घाट व पूल : आंबा घाटात तसेच निपाणीपुढील तवंदी घाटात उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होतात, चढताना वापरतो त्याच गिअरमध्ये उतरण्याची जुन्या चालकांची रीत यासाठीच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून २६ जानेवारी २०१८ च्या रात्री मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि १३ जण मृत्युमुखी पडले. ब्रिटिश काळातील दगडी कठडा आधुनिक वाहनाचा धक्का सोसण्यासाठी बांधलेला नव्हता.

टकरीनंतर : मागच्या आसनावर पट्टा न लावण्याची सवय घातक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. जखमीसाठी पहिला तास निर्णायक असतो ही कल्पना अमेरिकी शल्यविशारद ॲडम्स काउली यांची. नेमक्या साठ मिनिटांना पुरावा तोकडा आहे, असे नंतरच्या समीक्षकांचे म्हणणे असले, तरी रक्तस्राव व श्वासमार्गाच्या बाबतीत वेळेचे महत्त्व वादातीत आहे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा व १०३३ ही महामार्गाची मदतवाहिनी उपलब्ध असून कोल्हापुरात गंभीर जखमींना बहुधा छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात नेले जाते. जखमीला नेणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ ने हे संरक्षण दिले आहे.

कायदा : निष्काळजी वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याबद्दल १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (१) लागू होते, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ म्हणून आली. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झालेल्या एकात्मिक रस्ते अपघात माहितीकोशात पोलिसांबरोबरच रस्ते अभियंता, परिवहन विभाग व आरोग्य विभाग यांनीही आपापली नोंद भरावयाची असते.