मालदीवला जायचंय? कागदपत्रं काय लागतात आणि एअरपोर्टवरून बेटावर कसं पोचायचं

मालदीवला भारतीयांना व्हिसा लागत नाही हे आता बहुतेकांना माहितीये, आणि म्हणूनच लोक स्वस्तातलं तिकीट दिसलं की काढून मोकळे होतात, मग राजधानी मालेला संध्याकाळी उशिरा उतरल्यावर कळतं की बेटावर नेणारं सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) आता उद्या सकाळीच. इथं परवानगीचा भाग खरंच सोपा आहे, डोकं लावायचंय ते एअरपोर्ट ते तुमचं बेट या शेवटच्या टप्प्याला. म्हणून आधी बेट ठरवा, तिथं बोट जाते की सीप्लेन ते बघा आणि मग विमानाची वेळ निवडा.

आधी पात्रता. भारत आणि मालदीवमध्ये डिसेंबर 2018 मध्ये करार झाला आणि तो मार्च 2019 पासून लागू आहे, त्यात फिरायला, धंद्याच्या कामाला, शिक्षणाला किंवा उपचाराला भारतीय पासपोर्टवर 90 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. सोबत कोणी अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्टवाला नातेवाईक असेल तर त्याला उतरल्यावर 30 दिवसांचा टुरिस्ट व्हिसा फुकट मिळतो. कोणालाही किती तारखेपर्यंत राहू दिलंय ते काउंटर सोडायच्या आधी बघून घ्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतोय, नोकरीला जायचं असेल तर हे काहीच लागू नाही, त्याला मालकाने आधी काढलेली वर्क परमिटची मंजुरी लागते. "आत्ता टुरिस्ट म्हणून चला, तिकडे गेल्यावर करून देतो" असं जो एजंट म्हणेल त्याला एक रुपयाही देऊ नका.

पासपोर्ट मशीनने वाचता येणारा हवा आणि नियमाने किमान एक महिना मुदत शिल्लक हवी, पण चेक-इन काउंटरवर वाद नको असेल तर सहा महिने शिल्लक असलेलाच बरा. लहान बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, त्यामुळे घरात तान्हं मूल असेल तर तिकिटाच्या आधी पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. आईवडिलांच्या पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का आहे म्हणून बरेच जण घाबरतात, पण तो शिक्का ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो, त्या यादीत मालदीव नाही, आणि फिरायला जाणाऱ्याला तसाही त्याचा अडथळा नाही.

आता फॉर्म. इमुगा नावाचं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन आहे, ते विमानाच्या वेळेआधीच्या 96 तासांत, म्हणजे चार दिवसांत, ऑनलाइन भरायचं असतं. प्रत्येकाचं वेगळं, बाळाचंसुद्धा. पासपोर्टची माहिती, फोटो, फ्लाइट नंबर आणि राहायचं ठिकाण एवढंच मागतात, भरलं की क्यूआर कोड येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा कारण मुंबईत चेक-इनलाच तो विचारतात. हे पूर्ण फुकट आहे! सर्च केल्यावर वरती सरकारी दिसणाऱ्या आणि डॉलरमध्ये फी मागणाऱ्या साइट येतात, त्यांच्या नादी लागू नका, मालदीव इमिग्रेशनचीच साइट उघडा.

बाकी कागदं म्हणजे परतीचं तिकीट आणि सगळ्या रात्रींचं बुकिंग. दोन-तीन बेटं बदलणार असाल तर सगळी बुकिंगं जवळ ठेवा, मध्ये एक रात्र रिकामी दिसली तर प्रश्न येतो. खर्चाला पुरेसे पैसे आहेत हेही विचारू शकतात. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याला लसीचं सर्टिफिकेट लागतं, थेट भारतातून जाणाऱ्याला नाही.

कस्टम्सला मात्र हलकं घेऊ नका. दारू, डुकराचं मांस, व्हेप आणि पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे. आपल्याकडे बॅगेत छोटा गणपती ठेवायची सवय असते, तो यावेळी घरच्या देवघरातच राहू द्या. ड्यूटी फ्रीची बाटली घेतली असेल तर ती जमा करून पावती देतात, परत जाताना मिळते. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या.

आता पोचायचं कसं. भारतातून प्रवासी बोटीची नियमित सेवा नाही, विमानच. मुंबईहून थेट विमान साधारण तीन तासांच्या आत मालेच्या वेलाना एअरपोर्टला पोचवतं, तिथली वेळ आपल्या अर्धा तास मागे. हे एअरपोर्ट हुलहुले नावाच्या वेगळ्याच बेटावर आहे, अरायव्हलच्या दारातून बाहेर आलात की रस्त्यापलीकडे थेट बोटींचा धक्का. माले शहर आणि हुलहुमाले हे शेजारचं बेट एअरपोर्टला रस्त्याने जोडलेत, माले बाजूचा पूल 2018 ला झाला, त्यामुळे तिकडे टॅक्सी किंवा बस चालते. रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी सरळ हुलहुमालेत खोली घ्यावी आणि सकाळी पुढे निघावं.

माफुशीसारख्या जवळच्या लोकवस्तीच्या बेटांना स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात नेते, सरकारी फेरी त्याहून कितीतरी स्वस्त पण संथ, आणि शुक्रवारी बऱ्याच फेऱ्या बंद किंवा कमी असतात, म्हणून शक्यतो शुक्रवारी पोचायचं तिकीट काढू नका. दूरच्या रिसॉर्टला सीप्लेन. ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान असतं, साधारण पंधरा माणसं, पायलट बऱ्याचदा अनवाणी, आणि ते फक्त उजेडात उडतं, त्यामुळे मालेला दुपारी साडेतीनच्या आत उतरलात तरच त्याच दिवशी पोचायची खात्री धरा. सीट रिसॉर्टच बुक करतं, फ्लाइट नंबर त्यांना आधी कळवावा लागतो, आणि सामान साधारण 20 किलोपर्यंतच, वरच्या वजनाला पैसे. भाडं माणशी जाऊन-येऊन काहीशे डॉलर, त्यामुळे रूमचा रेट बघताना हे धरूनच हिशेब करा. अगदी दक्षिणेच्या गानसारख्या बेटांना देशांतर्गत साधं विमान जातं आणि ते रात्रीही उडतं.

टॅक्सही लक्षात घ्या. डिसेंबर 2024 पासून इकॉनॉमीवाल्या परदेशी प्रवाशाला देश सोडताना 50 डॉलर डिपार्चर टॅक्स आणि तेवढीच एअरपोर्ट फी आहे, दोन्ही तिकिटातच येतात. ग्रीन टॅक्स मात्र हॉटेलात भरायचा, जानेवारी 2025 पासून रिसॉर्टला माणशी रोज 12 डॉलर आणि 50 पेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला 6 डॉलर. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ. जुलै 2025 पासून पर्यटनाचा जीएसटी 17 टक्के झालाय, त्यावर सर्व्हिस चार्ज, म्हणून बुकिंग करताना "सगळे टॅक्स धरून किती" हे लेखी विचारा.

परत निघताना इमुगा पुन्हा भरायचं, हे बरेच जण विसरतात, तेही विमानाआधीच्या 96 तासांतच. सीप्लेनची परतीची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि सकाळी उजाडायच्या आधी ते निघत नाही, त्यामुळे दूरच्या रिसॉर्टवरून पहाटेचं मुंबई विमान गाठता येणार नाही, दुपारनंतरचंच घ्या किंवा शेवटची रात्र हुलहुमालेत काढा.