लक्षद्वीपला इंटरनेटची केबल पोचली, मग विजेची का नाही?

जानेवारी २०२४मध्ये कोचीहून लक्षद्वीपपर्यंत समुद्राच्या तळावरून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. त्याआधी २०२०मध्ये चेन्नईहून अंदमानला सुमारे २३०० किलोमीटरची केबल गेली होती. वीज मात्र दोन्हीकडे अजून मुख्यतः डिझेल जनरेटरची. मग कुणीही विचारणारच, की एवढी केबल टाकलीच होती तर तिच्यातूनच वीजही का नाही नेली?

गंमत म्हणजे इंटरनेटच्या लांब केबलमध्ये वीज असतेच. काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाश हळूहळू मंद होतो, म्हणून साधारण साठ ते शंभर किलोमीटरवर एकेक रिपीटर बसवतात. त्याला लागणारी वीज किनाऱ्यावरून, केबलमधल्याच तांब्यातून दिली जाते. व्होल्टेज ऐकून माणूस दचकतो: दहा हजारांच्या घरात! पण करंट जेमतेम एक अँपिअर. गुणाकार करा, दहा किलोवॅट होतात. तेवढ्यावर घरातले पाच-सहा एसी चालतील, आणि तीसुद्धा रिपीटरच वाटेत संपवून टाकतात.

खरा फरक इथेच आहे. मंद झालेला प्रकाश पुन्हा ठळक करता येतो, कारण आपल्याला पोचवायचा असतो तो निरोप. विजेत पोचवायची असते ती ऊर्जाच. वाटेत गेली ती गेली, ती भरून काढणारा रिपीटर निघालेला नाही.

म्हणून विजेची केबल दिसायलाही वेगळी. खोल समुद्रातली फायबर केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढी असते. विजेची त्याच्या कितीतरी पट जाड आणि जड, आत तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे जाडजूड गाभे. मुंबईजवळच्या घारापुरीला महावितरणने २०१८मध्ये अशी साडेसात किलोमीटरची केबल टाकली. राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर ही तिन्ही गावं तोवर संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर होती. एवढ्या अंतरावर आपली नेहमीची एसी, म्हणजे सतत दिशा बदलत वाहणारी वीज बिनतक्रार जाते.

अंतर वाढलं की तीच केबल आडवी येते. आत तांबं, बाहेर धातूचं आवरण, मध्ये इन्सुलेशन, म्हणजे हा एक लांबच लांब कपॅसिटर, विजेचा भार साठवणारा घटक झाला. एसी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात हा कपॅसिटर भरायचा नि रिकामा करायचा. त्यासाठीचा करंट लांबीबरोबर वाढत जातो. उच्च दाबाची केबल शंभरएक किलोमीटरची झाली, की तिची बरीचशी क्षमता यातच अडकते. यावरचा तोडगा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. तिच्यात हा कपॅसिटर पुन्हा पुन्हा भरावा लागत नाही. स्वीडनने १९५४मध्ये गोटलँड बेटाला जवळपास शंभर किलोमीटरवरून २० मेगावॅट वीज अशीच दिली.

म्हणजे तंत्र सत्तर वर्षं जुनं आहे. अडतं ते पैशापाशी. डीसीला दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन लागतं. कोचीपासून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या कवरत्तीसाठी, म्हणजे लक्षद्वीपच्या राजधानीसाठी, तिथली थोडकी मागणी बघता, हा खर्च कोण काढणार? माझ्या मते तिथे सौर पॅनल आणि बॅटरी हाच शहाणपणा आहे, आणि तसा प्रकल्प कवरत्तीत सुरूही झाला आहे.

उथळ पाण्यात दोन्ही केबलींचा वैरी एकच, जहाजांचा नांगर. म्हणून दोन्ही गाळात पुरतात. पण तुटल्यावर होणारी अडचण सारखी नसते. जानेवारी २०२२मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटदेशाची फायबर केबल तुटली, दुरुस्तीला पाचएक आठवडे लागले, तोवर उपग्रहावर थोडंफार भागलं. वीज उपग्रहावरून येत नाही. त्यामुळे विजेची केबल आली तरी जुना डिझेल जनरेटर भंगारात काढायची घाई बेटावर कुणी करू नये.